पालखी नको, गलबत द्या

जंजिरा अजिंक्य राहिला याचा अभिमान नेमका कोणाला वाटतो, हे मला आजवर उमगलेलं नाही. शनिवार-रविवारी राजपुरीच्या जेट्टीवरून शिडाच्या होड्या भरभरून माणसं किल्ल्यावर जातात. त्यांतल्या निम्म्यांच्या टी-शर्टवर महाराज असतात. गाईड घसा साफ करून सांगतो, "तीनशे वर्षांत हा किल्ला कोणाच्या बापाला घेता आला नाही!" आणि टाळ्या पडतात. अहो, ज्यांना घेता आला नाही ते तुमच्या टी-शर्टवर आहेत! टाळ्या कसल्या वाजवताय?

पण वाजतात. दर आठवड्याला वाजतात. कारण आपल्याला कोण जिंकलं याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. कोणीतरी कोणाच्या तरी छाताडावर बसलेला दिसला की आपण खूश. महादरवाजाच्या भिंतीवर शरभाचं शिल्प आहे. वाघासारखा प्राणी, पंजांत हत्ती, शेपटीच्या वेटोळ्यातही हत्ती. दख्खनच्या कितीतरी किल्ल्यांवर शरभ आहेत, पण आमचे गाईड याच शिल्पाच्या तोंडी संवाद घालतात: तुम्ही हत्ती असाल, पण मी असे हत्ती पायाखाली ठेवतो, इकडे वाकडा डोळा करू नका. लोक त्या शिल्पाखाली उभे राहून दंड फुगवून फोटो काढतात. मी मुरुडचाच. एवढ्या वर्षांत त्या शिल्पासमोर स्वतःला हत्तीच्या जागी कल्पणारा एकही पाहुणा मला भेटलेला नाही. सगळे शरभच. तोफांचा आकडा दर गाईडमागे बदलतो, कलाल बांगडी तोफेचा पल्ला दर हंगामात वाढतो, आणि दंड मात्र सगळ्यांचे सारखे फुगतात.

मला जे म्हणायचंय ते एवढंच, की हा शरभ आपल्या डोक्यात जाऊन बसलाय. आपण वाढावं, आपलं काम कालच्यापेक्षा बरं व्हावं, याची भूक मेली आहे. शेजारी खाली यावा ही भूक मात्र चोवीस तास जागी. आणि याला आपण महत्त्वाकांक्षा म्हणतो, अस्मिता म्हणतो, कधी कधी तर इतिहासप्रेमही म्हणतो.

इतिहासाचंच घ्या. मुरुडच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. आम्ही त्याला कासा म्हणतो. जंजिऱ्याला शह देण्यासाठी महाराजांनी तो बांधला. महाराजांचं त्या संदर्भातलं एक पत्र प्रसिद्ध आहे, जानेवारी १६७५ चं. त्यात राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी वसवल्याचा उल्लेख येतो. शिवजयंतीला मुरुडच्या निम्म्या मोबाइलांवर हे वाक्य स्टेटस म्हणून झळकतं, मागे ढोल, खाली आगीच्या ज्वाळा. उरावर! काय शब्द आहे! रक्त कसं सळसळतं.

आता कृपा करून ते पत्र सबंध वाचा. ते जंजिऱ्याच्या सिद्दीला लिहिलेलं नाही. त्यात सिद्दीला दिलेली एक धमकी नाही. ते प्रभावळीच्या सुभेदाराला, जिवाजी विनायक नावाच्या आपल्याच माणसाला लिहिलेलं आहे. मोरोपंत पेशव्यांनी आरमाराच्या दौलतखान आणि दर्या सारंग यांच्यासाठी रोकड आणि धान्य प्रभावळीतून द्यायला सांगितलं होतं. या गृहस्थाने ते पोचवलंच नाही. पद्मदुर्गाचं काम सुरू, हबशी, म्हणजे सिद्दी, चहूकडून जेरीला आणणार, तिथे पाणी, लाकूडफाटा, सामान पोचायला हवं, आरमार वेगाने जायला हवं. आणि हा अधिकारी हिशेब करत बसला आहे की ऐवज दुसरीकडे कुठे पाठवला तर आपलं नाव होईल. महाराजांनी त्याला जे झापलंय ते वाचताना आजही कान गरम होतात. हबशाने तुला काही देऊन आपला चाकर केलं की काय, असं सरळ विचारलंय. ब्राह्मण म्हणून कोणी गय करणार नाही, हेही बजावलंय.

म्हणजे ज्या वाक्यावर तुम्ही ढोल वाजवता ते एका झडतीच्या मधलं वाक्य आहे. धान्य का पोचलं नाही, याची झडती. शत्रूला कसं चिरडू हा विषयच नाही. आपली पुरवठ्याची साखळी कुठे तुटली, हा विषय आहे. महाराजांचा राग वळला तो आतल्या बाजूला, आपल्याच ढिलाईवर. आपल्याला मात्र पत्रातला 'उर' तेवढा दिसला. जिवाजी विनायक आज असता तर धान्याच्या पावत्या गहाळ असत्या, आणि जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीवर सगळ्यात पुढे तोच फेटा बांधून उभा असता.

मला कोणी सांगेल, अहो, जंजिरा हुकला त्याला मोठी कारणं होती. होतीच. सिद्दीला सुरतेच्या महसुलातून मोगलांचा पैसा येत होता, पावसाळ्यात त्याची गलबतं मुंबईत इंग्रजांच्या आसऱ्याला जात होती. संभाजीराजांनी १६८२ मध्ये खाडीत भराव घालून किल्ल्यापर्यंत वाट काढायला घेतली, तर मोगल फौज कोकणात उतरली आणि ते काम टाकून जावं लागलं. हे मी नाकारत नाही. पण बाहेरची कारणं आपण तोंडपाठ म्हणतो, आणि आतली कारणं आली की घशात खाकरा अडकतो. म्हणून आतलीच सांगतो.

१६७१ चा शिमगा. त्याआधी दंडा-राजपुरी, म्हणजे जंजिऱ्यासमोरचा किनारा, मराठ्यांच्या हातात आलेली. किल्ल्याचा सिद्दी, फत्तेखान, महाराजांशी बोलणी करून किल्ला द्यायच्या बेतात होता, तर त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याला कैद केलं आणि मोगलांची चाकरी पत्करली. त्यानंतर होळीच्या रात्री सिद्दी कासीम आणि सिद्दी खैर्यत दंडा-राजपुरीवर चालून आले. एक जमिनीवरून, एक समुद्रावरून. आमची शिबंदी होळीच्या रंगात होती. दारूचं कोठार उडालं, ठाणं गेलं. महाराज दूर होते आणि त्या धमाक्याने त्यांना जाग आली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो नसो, ठाण्यावर जे जागे असायला हवे होते ते जागे नव्हते, एवढं खरं. यावर मी कधी स्टेटस पाहिलेलं नाही.

आणि मग लाय पाटील. सोनकोळ्यांचा हा पुढारी. बखरीतली कथा अशी की मोरोपंतांनी जंजिऱ्याला शिड्या लावायचा बेत केला आणि ते काम लाय पाटलांवर सोपवलं. रात्री, भरल्या समुद्रात, पहाऱ्याच्या नाकाखाली, त्या उभ्या तटाला होड्यांतून शिड्या लावणं म्हणजे काय, हे ज्याने जंजिऱ्याखालचं पाणी पाहिलंय त्यालाच कळेल. तिथे भिंतीला किनाराच नाही. लाट थेट दगडावर आपटते. लाय पाटलांनी शिड्या लावल्या. लावून वाट बघत बसले. वर चढणारे आलेच नाहीत. पहाट व्हायला आली तसे शिड्या काढून कोळी परतले.

बखरीच्या या एका रात्रीत मला सगळा महाराष्ट्र दिसतो. ज्याला शिडी लावायचं काम दिलं त्याने ते चोख केलं. ज्यांना चढायचं होतं ते उशिरा पोचले. पुढच्या पिढ्यांनी काय केलं? 'चढायला हवं होतं' यावर भाषणं केली.

पण कथेचा खरा भाग पुढे आहे. महाराजांनी लाय पाटलांना पालखीचा मान देऊ केला. त्या काळी पालखी म्हणजे काय, तर माणसांच्या खांद्यावर बसून गावातून जायचं. याहून उघडं वर्चस्व कुठलं असणार? लाय पाटलांनी नम्रपणे नाही म्हटलं. आम्ही दर्यावर फिरणारी माणसं, पालखी आमच्या काय कामाची? मग महाराजांनी मोरोपंतांना सांगून त्यांना एक गलबत बांधून दिलं आणि त्या गलबताचं नाव ठेवलं 'पालखी'.

ही कथा बखरकाराने सजवली असेल. असू दे. पण कथा सांगणाऱ्याला काय मोलाचं वाटत होतं, ते बघा. त्याला असा माणूस मोठा वाटला, ज्याने दुसऱ्यांच्या खांद्यावर बसायला नकार दिला आणि आपल्या धंद्यातलं आणखी एक चांगलं साधन घेतलं. आज मुरुडमधल्या कुठल्याही मंडळाच्या अध्यक्षाला विचारा, पालखी हवी की गलबत? तो विचारेल, पालखीसोबत बॅनर मिळेल का.

साठेक वर्षांनी आपण पुन्हा नापास झालो, आणि तेही त्याच धड्यात. १७३३ साली बाजीराव पेशवे जंजिऱ्यावर आले. सिद्दीच्या घरात भांडणं लागली होती, अशी संधी शतकात एकदा येते. समुद्रातून सेखोजी आंग्रे, जमिनीवरून बाजीराव. मग छत्रपतींचे प्रतिनिधी आले. त्यांनी गुपचूप बोलणी लावून जूनमध्ये सिद्दीकडचा रायगड आपल्या नावावर घेतला, पेशव्याच्या आधी. रायगड परत आला म्हणून आनंद व्हायचा, तर तो कोणाच्या हाताने आला यावरून तोंडं वाकडी. पावसाळा सरायच्या आत सेखोजी वारले, त्यांच्या भावांत वारशाचं भांडण पेटलं. वर्ष संपता संपता सिद्दीशी तह करून बाजीराव परतले. किल्ला जागेवर. त्या मोसमात सिद्दी जेवढा लढला त्यापेक्षा जास्त आपण एकमेकांशी लढलो.

आणि सिद्दी? इथे आमच्या टी-शर्टवाल्यांना आवडणार नाही अशी गोष्ट सांगतो. ग्रँट डफने लिहून ठेवलंय की जंजिऱ्याच्या जुन्या रिवाजात प्रमुख वारला की त्याच्या मुलाच्या आधी आरमारातल्या पहिल्या दर्जाच्या अधिकाऱ्याला जागा मिळे. मुलगा असून उपयोग नव्हता. गलबत चालवता यायला हवं होतं. पुढे तिथेही घराणेशाही शिरली आणि घरातली भांडणं सुरू झाली, हे ओघानेच आलं. पण किल्ला टिकला त्या काळात तटाची उंची, तोफा आणि गोड्या पाण्याचे तलाव यांच्याबरोबर हा रिवाजही टिकून होता. आपण गाईडला तोफांचं वजन विचारतो. कामाच्या माणसाला वर कसं आणायचं, हे कोणी विचारत नाही. ते विचारलं तर मुरुडमध्येच नव्हे, अख्ख्या जिल्ह्यात अनेक घरांची पंचाईत होईल.

गेल्या वर्षी किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये कोणा मोठ्या वक्त्याचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर होतं. मलाही कोणीतरी ओढून नेलं. फी ऐकली आणि गप्प बसलो. दोन तास तो माणूस ओरडत होता. पहाटे चारला उठा, कारण तुमचा प्रतिस्पर्धी पाचला उठतो. सिंह व्हा, जंगलात मेंढरं फार झाली. नंबर दोन लक्षात कोण ठेवतो? समोर बसलेली पोरं वहीत लिहून घेत होती. माझ्या मनात आलं, आमच्या फणसाडच्या जंगलात सिंह नाही आणि कोणाचं काही अडलेलं नाही. शेकरू आहे, ते आपलं झाडावर घर बांधतं, कोणाला खात नाही, आणि राज्याने त्यालाच राज्यप्राणी केलंय. आत्मविकासाच्या नावाखाली हे लोक शरभच विकतात. पहाटे उठायला माझी ना नाही. पण शेजाऱ्याच्या आधी डोळा उघडला यात कसला विकास? उठून काय करणार, ते शिबिरात कोणी विचारलं नाही.

तीच पोरं आता कोळीवाड्यात बघा. बापाची दोन सिलिंडरची होडी होती, शेजाऱ्याने चार सिलिंडर घेतली, म्हणून कर्ज काढून सहा सिलिंडरची. शेजारी रात्री एलईडी लावतो, मग मीही जनरेटर चढवतो. एलईडीच्या मासेमारीला २०१७ पासून बंदी आहे, हे नाखव्यालाही माहीत, खलाशालाही माहीत आणि बंदरावरच्या साहेबालाही माहीत. "त्याने लावली म्हणून मी लावली," हे उत्तर सगळ्यांकडे तयार. उजेडाला भुलून पिल्लासकट मासळी वर येते, पुढल्या साली जाळं रिकामं. मग मोर्चा, त्यात एलईडीवाले आणि पारंपरिकवाले एकमेकांच्या अंगावर. या सगळ्या चढाओढीत आपल्या होडीतला बर्फ पुरतो का, मासळी बंदरावर उतरते तेव्हा तिचे डोळे चकचकीत असतात का, जाळ्याच्या आसाचं माप काय ठेवावं, याचा विचार करणारे नाखवे आहेत. मी ओळखतो त्यांना. त्यांची मासळी लिलावात चढ्या भावाने जाते. त्यांचं मोबाइलवर स्टेटस नसतं. त्यांना कोणी पालखीत बसवत नाही आणि त्यांनी मागितलीही नाही.

वाडीवाल्यांनी स्वतःला यातून सोडवून घेऊ नये. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, आणि मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंत वाड्या आडव्या झाल्या. पिढ्यांच्या सुपाऱ्या एका दुपारी गेल्या. सुपारीचं रोप लावलं की फळ धरायला सहा-सात वर्षं. तोवर सावली, पाणी, खत, राखण. त्या दिवसांत काही लोकांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पडलेल्या झाडांच्या गोंधळात कुंपण हातभर सरकवलं. पंचनाम्यात शेजाऱ्याची झाडं जास्त लागली म्हणून तलाठ्याच्या दारात तळ ठोकला. ज्यांनी त्याच पावसाळ्यात श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्राचा रस्ता धरला, रोपांची चौकशी केली, मधल्या जागेत केळी लावून सावली उभी केली, त्यांच्या वाड्या आज पुन्हा उभ्या आहेत. हातभर जमीन वाढवणाऱ्यांच्या वाडीत हातभर जास्त गवत आहे.

हे सगळं मी बोलतो तेव्हा एक आक्षेप हमखास येतो. "म्हणजे आम्ही स्पर्धाच करायची नाही? मराठी माणूस आधीच मागे, त्यात तुम्ही हे संतवचन सांगा." संतवचन सांगायला मी कीर्तनकार नाही. स्पर्धेला माझा विरोध नाही. याच जिल्ह्यात, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख परीक्षांमध्ये पहिले येत गेले, आय.सी.एस.मध्येही पहिले आले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पहिलं यायची त्यांना सवयच होती. आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद त्यांनी सोडून दिलं. खुर्ची हेच ज्याचं मोठेपण असतं त्याला ती सोडता येत नाही, कारण खाली उतरल्यावर हातात काहीच उरत नाही. देशमुख उतरले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचं काम बघू लागले, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मेघदूताचं मराठीही याच माणसाने केलेलं आहे. आता मला सांगा, मराठी माणूस मागे राहिला तो अशांच्यामुळे, की दारात चार पाट्या लावून आत काही न करणाऱ्यांच्यामुळे?

जंजिऱ्याच्या नवाबाघरचंही एक उदाहरण आहे, आणि ते मुरुडमध्ये कोणी सांगत नाही कारण त्यात तोफ नाही. नवाब सिद्दी अहमदखान यांची बेगम नाझली. तिची बहीण अतिया फैजी. ती जंजिऱ्याला येऊन-जाऊन असे. १९०६ मध्ये ती शिक्षकाचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेली, मरिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात. त्या काळातली मुसलमान घरची अविवाहित मुलगी, परदेशी, कशासाठी, तर शिकवायला शिकण्यासाठी. तिथल्या नोंदी तिने उर्दू नियतकालिकात छापल्या, पुढे त्यांचं पुस्तक निघालं, नावच 'शिक्षणाचा काळ' अशा अर्थाचं. नवाबाच्या टेकडीवरच्या राजवाड्याबाहेर गाड्या थांबवून लोक फोटो काढतात, आत किती खोल्या, झुंबरं कुठून आणली, हे विचारतात. या घरातल्या एका बाईने वही उघडली होती, ही माहिती पर्यटनाच्या कुठल्याच फलकाला पुरेशी मर्दानी वाटत नसावी.

राहता राहिला पद्मदुर्ग. जंजिऱ्याला जाणाऱ्या शंभर माणसांतली दोन-चारही तिकडे वळत नसतील. शरभ नाही, टाळ्या नाहीत. पण एकदा जाऊन बाहेरच्या तटाला हात लावा. साडेतीनशे वर्षं लाटांनी तो दगड खाल्लाय, चिरे खोल खोल झिजलेत. आणि दोन चिऱ्यांच्या मधला चुना मात्र तसाच बाहेर उभा आहे, जाळीसारखा. दगडापेक्षा सांधा टिकला. जिवाजी विनायकाने धान्य अडवलं होतं तरी कोणीतरी उपाशीतापाशी तो चुना नीट मळला होता. त्या गवंड्याला सिद्दीशी काही सिद्ध करायचं नव्हतं. चुना कालच्यापेक्षा बरा लागला पाहिजे, एवढंच त्याचं युद्ध.

येत्या शिवजयंतीला मंडळाची पोरं वर्गणीचं पुस्तक घेऊन माझ्या दारात येतीलच. दरवर्षी येतात, आणि पावतीवर 'उरावर' छापलेलं असतं. या वेळी माझी अट आहे. त्या पत्रात धान्य कोणी अडवलं आणि महाराज कोणावर चिडले, हे ज्याला न बघता सांगता येईल त्या मंडळाला मी मागितलेल्या रकमेच्या दुप्पट देईन. बाकीच्यांनी पुढच्या घरी जावं. तिथे आधीच्या मंडळाने किती नेले, तेही विचारून घ्यावं.